आगोटीतला वाऱ्याचा वाटा

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, दिघीच्या समोर वसलेल्या आगरदांड्याला पावसाळ्याची तयारी कोणी शिकवावी असे मुळीच नाही. वैशाखाचे ऊन कलू लागले की कौले परतून फुटकी बदलावयाची, झावळ्यांचे झाप विणून पडवीच्या वाऱ्याकडील अंगाला बांधावयाचे, तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी आणि जळाऊ लाकूड यांची बेगमी करावयाची, होड्या वर ओढून शाकारावयाच्या, हा सारा खटाटोप कोकणाने 'आगोट' या एका शब्दात साठविला आहे. परंतु ही आगोट रचली गेली ती पावसाशी आणि उपासाशी गाठ घालण्यासाठी. चार महिने झड लागेल, दर्या बंद राहील, बाजार दुरावेल, एवढे तिने गृहीत धरिले होते. एका दुपारी छप्पर उचलून पलीकडच्या वाडीत नेऊन टाकणारा वारा तिच्या हिशेबात फारसा नव्हता.

तो वारा ३ जून २०२० रोजी आला. बांगलादेशाने सुचविलेले 'निसर्ग' हे सात्त्विक नाव धारण करून ते चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्यांत पिढ्यांची कमाई काही तासांत आडवी झाली, आणि तीही टाळेबंदीच्या दिवसांत. हा एकच प्रसंग म्हणून सोडून द्यावा, तर ११ नोव्हेंबर २००९ चे 'फयान' आठवते आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर जाऊनही हात दाखवून गेलेले 'तौक्ते' आठवते. अरबी समुद्रात वादळांचे हंगाम दोन, मोसमी पावसाच्या आधीचा आणि नंतरचा; म्हणजे दिवाळीच्या सुमारासही छपराकडे एकदा मान वर करून पाहिले पाहिजे.

छपराविषयी आपली समजूत अशी की वारा त्याला ढकलतो. प्रत्यक्षात उताराच्या छपरावरून वेगाने वाहणारा वारा वरचा दाब कमी करतो, उघड्या खिडकीतून आत शिरलेला वारा खालून रेटा देतो, आणि छप्पर वर ओढले जाते. शिवाय वेग दुप्पट झाला तर हा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. कौलारू घराची कौले सुटी उडतात. पत्रा मात्र सुटला की वाशासकट निघतो आणि वाटेत येणाऱ्याचा गळा पाहत नाही. म्हणून पत्र्याच्या घरात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे वाशाला पत्रा धरून ठेवणारा वीतभर लांबीचा जे-हुक. खारी हवा त्याला डोक्यापासून खाते. वरून वॉशर शाबूत दिसतो आणि खाली आटे गंजून भुगा झालेले असतात. मे महिन्यात शिडी लावून एकेक हुक पान्याने फिरवून पाहावा, जो फिरता फिरता हातात येईल तो बदलावा. आणि पागोळी, आढे व कोपरे येथे हुक दाट मारावेत, कारण वाऱ्याची ओढ तेथेच अधिक असते. लोक छपरावर वाळूची पोती ठेवतात, ती मला तरी मनाच्या समाधानापुरतीच वाटतात.

घरावर झुकलेल्या माडाचे पिकले नारळ आणि सुक्या झावळ्या आधीच उतरवाव्या. जोराच्या वाऱ्यात नारळ हा तोफगोळाच. बंदरावरचा बावटा चढला की नाखवा होडी खाडीत आत आणून बांधतो, त्याला सांगणे नलगे. गोठ्यातली दावी मात्र सोडावी. बांधलेले जनावर पडत्या भिंतीखाली जागच्या जागी सापडते.

वादळाचा मध्य, म्हणजे त्याचा डोळा, जर थेट डोक्यावरून जाणार असेल, तर मध्येच वारा पडतो आणि ऊनही डोकावते. खळ्यात पडलेली कौले गोळा करण्यास माणसे नेमकी याच वेळी बाहेर येतात. वादळ नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सरकत असेल तर आधी आग्नेयेचा असलेला वारा डोळा सरताच वायव्येचा होतो, म्हणजे समुद्रावरून येतो, आणि पहिल्या फेरीत खिळखिळे झालेले छप्पर उलट्या बाजूने धरतो.

दस्तऐवजांची तजवीज हा कंटाळवाणा परंतु अटळ मामला आहे. तलाठी पंचनाम्यास येईल तेव्हा सातबारा, घरपट्टीची पावती, बँकेचे पुस्तक हे सारे भिजून लगदा झालेले असले तर नुकसानीचा अर्ज कशाच्या आधारे करावयाचा? प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ते ठेवावेत, आणि वादळाआधी घराची, वाडीची दोन छायाचित्रे काढून मुंबईच्या नातेवाईकांकडे पाठवावीत. एक करवत आणि धार लावलेला कोयता हाताशी असावा, कारण रस्ता झाडांनी अडलेला असतो आणि पहिली वाट गावालाच मोकळी करावी लागते.

'निसर्ग'नंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहिरी पाण्याने भरलेल्या, पण पंप मुका, आणि रहाट तर पंप आल्या वर्षीच काढून टाकलेला, अशी गत ज्या घरी होते तेथे काठावर उभे राहून पाणी नुसते पाहावे लागते. रहाट जमत नसेल तर निदान एक पोहरा आणि विहिरीच्या खोलीहून चार हात लांब दोर असावा. आणि मेच्या अखेरीस तो दोर ओला करून, ताणून, गाठी तपासून पडवीच्या खुंटीला टांगलेला असावा.