वाळवंटातली पळी

दिवाळीच्या सुट्टीत नात पंढरपूरला आली, की आमची सकाळ चंद्रभागेच्या वाळवंटात उजाडते. पुराचं पाणी ओसरलेलं असतं, कार्तिकीची गर्दी अजून आठ-दहा दिवस लांब असते आणि पुंडलिकाच्या देवळापाशी नदी अगदी शांत असते. यंदा तिला तिथं ओल्या गाळात काहीतरी हिरवं दिसलं. हलक्या हातानं उकरलं, तर वीतभर लांबीची पळी! संध्येच्या पळी-पंचपात्रातली असते तशी. दांड्याच्या टोकाला नागाचा फणा आणि वाटीत दगडासारखा घट्ट बसलेला गाळ.

"आजोबा, ही किती जुनी असेल?"

पोरांनो, या एका प्रश्नापायी आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. पण त्याआधी एक संकट टळलं ते सांगतो. घरी पोचतो न पोचतो तोच आजीनं कौतुकानं पळी हातात घेतली आणि चिंचेचा कोळ काढायला वाटी शोधू लागली. मी जवळजवळ ओरडलोच. आजी बिचारी दचकली.

तिची चूक नव्हती. देवाची भांडी चिंच-मिठानं घासून लख्ख करायची, हे आपल्या घरोघरचं शिक्षण. चिंचेतलं आम्ल तांब्या-पितळेवरची पुटं विरघळवतं आणि खालचा ताजा धातू वर येतो. पण मातीतून निघालेल्या वस्तूचं ते पूट म्हणजे तिची रोजनिशी असते. तांबं मातीत पडलं की आधी त्याच्यावर तांबूस थर धरतो, तो तांब्याच्या ऑक्साइडचा. मग पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काम करत राहतात आणि त्यावर हिरवा थर चढतो. त्यात मॅलाकाइट असतं. खाणीत तांब्याचं हिरवं खनिज म्हणून सापडतं तेच हे मॅलाकाइट. म्हणजे माणसानं खनिजातून धातू काढला आणि निसर्ग त्या धातूचं पुन्हा खनिज करत बसला! मला याचं नवल अजून सरत नाही. काही ठिकाणी या थरात कापडाची वीण उमटलेली सापडते, लाकडाच्या रेषा सापडतात. कापड केव्हाच कुजून गेलेलं असतं, त्याचा ठसा तेवढा हिरव्या थरानं जपलेला असतो. चिंच लावली की दोन मिनिटांत ते सगळं मोरीतून वाहून जातं.

म्हणून आम्ही पळी नुसत्या स्वच्छ पाण्यात बुडवून काढली, मऊ कुंचल्यानं सुटी माती झाडली आणि सावलीत वाळत ठेवली. फिकट हिरवी भुकटी गळते का, तेवढं पाहिलं. तशी भुकटी गळत असेल तर आत क्षार शिरलेला असतो आणि तो दमट हवेत धातू पोखरत राहतो. आमच्या पळीचा थर घट्ट होता.

नातीनं शाळेत ऐकलेलं होतं. "कार्बन डेटिंग करूया ना आजोबा!" प्रश्न हुशारीचा होता. पण कार्बनचं घड्याळ फक्त जगून मेलेल्या गोष्टींत चालतं. झाड, माणूस, धान्याचा दाणा जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन-१४ शरीरात घेत राहतात. जीव गेला की घेणं थांबतं आणि ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. तांब्या-पितळेनं कधी श्वास घेतलेला नसतो. शेजारी चुलीतला कोळसा सापडला तर त्याचं वय काढता येतं, पळीचं नाही.

"मग आकारावरून?"

इथं मी तिला स्वयंपाकघरात नेलं. फळीवर डाव होता, ताकाचं ओगराळं होतं, झारा, उलथणं, फोडणीची लोखंडी पळी आणि डब्यात स्टीलचे चमचे. प्रत्येकाचं काम ठरलेलं, म्हणून आकारही ठरलेला. आणि आकाराची अडचण हीच आहे. माणसाचा तळहात बदलला नाही, आचमनाला लागणारं पाणी बदललं नाही, तर पळी कशाला बदलेल? यज्ञात तूप वाहायची लाकडी स्रुवा पाहा. लांब दांडा आणि टोकाला छोटा खळगा. पळी तिच्या घराण्यातलीच वाटते. युरोपात चमच्याच्या आकाराच्या चाली पिढीगणिक बदलत गेल्या, शिवाय तिकडच्या चांदीवर वर्षाचं अक्षर ठोकायची पद्धत होती, म्हणून त्यांच्याकडे नुसत्या दांड्यावरून काळ ओळखणारे जाणकार आहेत. आपल्या पळीपाशी ती सोय नाही.

तेव्हा दुसऱ्या संध्याकाळी आम्ही धातूला विचारलं. वाटीच्या काठाला एक टवका मुळातच उडालेला होता आणि तिथं पितळ उघडं पडलं होतं, अगदी शब्दशः. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. यातलं जस्त मोठं विलक्षण आहे. खनिजातून ते कोळशाच्या मदतीनं सोडवायचं, तर हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. पण जस्त ९०७ अंशांनाच उकळतं! म्हणजे ते सुटतं तेच वाफ होऊन. वाफेला हवा लागली की जळून पांढरी राख होते. त्यामुळे शेकडो वर्षं लोक पितळ करत होते, पण जस्ताचा तुकडा त्यांच्या डोळ्यांना दिसलेला नव्हता. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत घालून तापवायचं, की वाफ तांब्यात मुरायची. लोणच्यात मीठ मुरतं तशी. पण या रीतीनं तांबं साधारण २८ टक्क्यांपर्यंतच जस्त पितं, त्याहून फारसं नाही.

हे कोडं सोडवलं आपल्या लोकांनी. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथं मध्ययुगात जस्ताच्या भट्ट्या लागत. मातीच्या मुशी वांग्याच्या आकाराच्या. त्या भट्टीत तोंड खाली करून उलट्या लावायच्या. वरच्या बाजूनं धग, खाली गारवा. वाफ वर निसटायच्या ऐवजी खालच्या थंड भांड्यात उतरायची आणि तिथं जस्त होऊन थिजायची. अशा वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आजही तिथं आहेत आणि काही घरांच्या भिंतीसुद्धा त्याच मुशींच्या रचलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियननं अशीच वाफ खाली उतरवायची रीत वापरून पेटंट घेतलं ते १७३८ साली. मूठभर मातीच्या वांग्यांनी जगाच्या आधी हे साधलं, हे सांगताना माझा ऊर भरून येतो.

आता हे आपल्या पळीच्या कामाचं कसं? शुद्ध जस्त हाती आल्यावर तांब्यात हवं तेवढं मिसळता येऊ लागलं. त्यामुळे एखाद्या पितळेत जस्त ३५ टक्के निघालं, तर ते फार प्राचीन असण्याचा संभव कमी. प्रयोगशाळेत क्ष-किरण टाकून वस्तूला धक्का न लावता हे पाहता येतं. प्रत्येक मूलद्रव्य त्या किरणांना आपापल्या ठरलेल्या ऊर्जेच्या किरणांनी उत्तर देतं. एवढंच की तपासणी वरवरच्या थराची होते, आणि वरच्या थरातलं जस्त पाण्यानं आधीच धुऊन नेलेलं असू शकतं. पितळेतून जस्त आधी जातं आणि मागे लालसर तांबं उरतं.

धातूंच्या जन्मतारखाही ध्यानात ठेवा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. तांबं, जस्त आणि निकेल असतं आणि ते जर्मनीत १८२० नंतरच्या दशकात बनू लागलं. विजेच्या मदतीनं चांदीचा मुलामा द्यायचं पेटंट एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतलं, म्हणून 'ईपीएनएस' छापलेला चमचा त्याच्या आधीचा असूच शकत नाही. ॲल्युमिनियम विजेनं स्वस्तात काढायची युक्ती १८८६ ची. स्टेनलेस स्टीलला १९१३ च्या सुमारास शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांच्या प्रयोगांनी वाट करून दिली. असा चमचा कितीही गंजका, वाकडा, पुराणा दिसो, त्याच्या धातूच्या जन्माआधी त्याला जाता येत नाही.

मग बनावट. तांबटाच्या हातची वस्तू कधी एकसारख्या जाडीची नसते. ठोकून घडवलेल्या वाटीला मठारकामाचे बारीक चंद्र दिसतात. ओतीव वस्तूला आतून खरखर आणि हवेचे बुडबुडे. यंत्राच्या छापातून निघालेल्या चमच्याची जाडी मात्र सगळीकडे सारखी. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून तांब्या-पितळेचे तयार पत्रे मुंबई बंदरात उतरू लागले आणि आपल्या तांबटांनी तेही हाताशी धरले. आमची पळी एकसंध ओतलेली होती, वर कानशीचे ओरखडे.

नागाच्या फण्याकडे नातीचं लक्ष गेलं. एका बाजूचा डोळा स्पष्ट होता, दुसऱ्या बाजूचा पार पुसलेला. मी तिला आजीचं उलथणं दाखवलं. उजव्या हातानं तीस वर्षं कढई खरवडून त्याचा डावा कोपरा तिरपा झिजला आहे. रोज घासून झिजलेली वस्तू सगळीकडून सारखी झिजते. पण अंगठा टेकतो एकाच जागी. तिला ते उमगलं आणि तिनं फणा चिमटीत धरून पाहिला. तिचा अंगठा नेमका त्या पुसट डोळ्यावर बसला. कुठल्याशा घरात कुणीतरी पहाटे-पहाटे कितीतरी वर्षं तिथंच अंगठा टेकला असणार. ती बराच वेळ गप्प होती.

तिसऱ्या संध्याकाळी वाटीतला गाळ वाळून त्याला तडा गेला, एक ढलपी आपोआप सुटली आणि आत एक गोल कड दिसली. मधोमध भोक! भोकाचा पैसा, पोरांनो. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, म्हणून १९४३ ते १९४७ या काळात सरकारनं भोक पाडलेला हलका पैसा काढला. तो पैसा पळीच्या वाटीला हिरव्या थरानं चिकटून एकजीव झाला होता. चंद्रभागेत पैसा टाकणारे हात थोडे का आहेत?

इथं मी तिला इंग्लंडातली गोष्ट सांगितली. १९९२ साली हॉक्सन गावात एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. मित्र धातुशोधक यंत्र घेऊन शोधायला आला आणि सापडला रोमन काळातला खजिना. पंधरा हजारांच्या घरात नाणी आणि चांदीचे ७८ चमचे! त्यानं उकरत न बसता लगेच वर्दी दिली, म्हणून तज्ज्ञांना वस्तू जागच्या जागी पाहता आल्या. चमच्यांवर साल नव्हतं. पण सोबतच्या नाण्यांत सगळ्यांत नवं होतं ते इसवी सन ४०७-४०८ चं, म्हणून तो साठा त्यानंतर पुरला गेला हे पक्कं झालं. हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

शेजाऱ्यावरून ओळख पटवायची, ही पुरातत्त्वाची खरी विद्या. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनी खोदलं, तेव्हा वरच्या थरांत बहामनी काळ आणि खाली सातवाहन काळ असे एकाखाली एक थर लागले. त्याच टेकाडावर रोमन समुद्रदेवता पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. थर शाबूत असले की खालचं जुनं, वरचं नवं, एवढं तरी सांगता येतं. पण शेतातल्या कामात ओघानं सापडलेल्या वस्तूचं काय? तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ साली मिळालेला कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा जगप्रसिद्ध आहेत. तरी त्यांच्या काळाबद्दल विद्वानांचं एकमत झालेलं नाही. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी शंका काढली. चंद्रभागेत तर दर पावसाळ्यात पूर सगळे थर ढवळून टाकतो. शिवरायी आणि आजचं दहाचं नाणं एकाच ओंजळीत येतं.

आपल्या विठ्ठल मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख आपलं साल स्वतः सांगतो, शके ११९५ पासूनचं. पळीला तसं तोंड नाही. म्हणून तो चिकटलेला पैसा मोलाचा. तो आणि पळी नदीनं उगाच शेजारी ठेवलेली नव्हती, ती एकत्र मुरली होती. नातीनं स्वतः कागदावर निकाल लिहिला: पळी आणि पैसा एकत्र मुरले ते १९४३ नंतर. पळी घडली ती पाण्यात जाण्याच्या पुष्कळ आधी, कारण डोळा पुसायला पुष्कळ वर्षं लागतात. घडल्याचं नेमकं साल सांगता येत नाही. खाली तिनं तारीख, पुंडलिकाच्या देवळापासूनची पावलं आणि गाळाची खोली नोंदवली. शास्त्रज्ञाच्या वहीत याहून वेगळं काय असतं?

आता तुमच्यासाठी. जमिनीत पुरलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मूल्य दहा रुपयांहून जास्त असलं तरी पुरे. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. सापडलेली वस्तू घासू नका, वाकवून सरळ करू नका. जागेचा फोटो काढा आणि तहसील कचेरीत सांगा.

आणि घरच्या माळ्यावरचं एक काम राहिलं. आपल्याकडे भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घालायची रीत आहे. कधी नावापुढे गाव असतं, कधी साल, कधी अक्षरं मोडीतली असतात. जुनी पळी, डाव, ओगराळं मोडीत घालायच्या आधी एकदा उलटं करून उजेडात धरा, आणि जे दिसेल ते वहीत उतरवून घ्या.