आवळावे किती, सोडावे किती?

आमचा भंडारा जिल्हा भाताचा. पावसाळ्यात चिखलणी सुरू झाली, की कुठल्या तरी बांधीत ट्रॅक्टर फसतोच. एक चाक गरगर फिरते, दुसरे जागचे हलत नाही. लोक ड्रायव्हरला बोल लावतात. खरे कारण असते डिफरन्शियल.

गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना म्हणजे डिफरन्शियल. हीच मुभा चिखलात नडते. पकड सुटलेले चाकच फिरत राहते. म्हणून ट्रॅक्टरला लॉक असते. ते लावले, की दोन्ही चाके बरोबरीने फिरतात.

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. हे मला उमगले भाच्याच्या रिमोटवरच्या रेसकारमुळे. ईदीचे पैसे साठवून त्याने ती घेतली होती. तिच्यात बॉल डिफरन्शियल होते. मधल्या दातेरी चक्राच्या भोकांत मोहरीएवढे छर्रे, दोन्ही बाजूंना पोलादी चकत्या आणि सगळे दाबून धरणारा स्प्रिंगचा स्क्रू. पोराने तो ढिला ठेवला. छर्रे घसरले, चकत्यांवर चरे पडले. मग रागाने करकचून आवळला, तर कार नीट वळेना. पोर रडकुंडीला आले.

रविवारी आम्ही दोघे बसलो. सगळे सुटे करून पुसले. काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून चकत्या गोल गोल घासल्या. छर्‍यांना सिलिकॉन ग्रीस लावले आणि स्क्रू थोडा थोडा आवळत गेलो.

"मामू, अजून?"

"आधी तपास."

दोन्ही चाके घट्ट धरून मधले चक्र अंगठ्याने ढकलायचे. ते सरकता कामा नये. मग चक्र धरून एक चाक फिरवायचे. दुसरे उलट दिशेने अलगद फिरले पाहिजे. कार थोडा वेळ हळू चालवली, की छर्रे बसतात. मग स्क्रू पुन्हा तपासायचा.

त्या दिवशी मला भाऊजान आठवले. एका रोवणीच्या वेळी लॉक न सोडताच त्यांनी ट्रॅक्टर बांधीबाहेर रस्त्यावर वळवला. एक्सल तुटला, ऐन हंगामात चार दिवस काम थांबले. खेळण्यातला स्क्रू चुकला तर चकती जाते. शेतातले लॉक विसरले तर हंगाम जातो, कधी ट्रॅक्टर उलटून जीवही जातो. म्हणून शेतकरी बांधवांनो, लॉक चिखलात, सरळ जातानाच लावा. वळण्याआधी आठवणीने सोडा.