अश्लील चित्रफिती : मुलांशी कसे बोलावे?

८ ते १० वर्षे : शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे मुलांना सांगावीत. पडद्यावर उघड्या अंगाची दृश्ये आली, तर मोबाइल बाजूला ठेवून घरच्यांना सांगायचे आणि सांगितल्यावर कोणी रागावणार नाही, ही खात्री द्यावी.

११ ते १४ वर्षे : या वयात उत्सुकता स्वाभाविक असते. अशा चित्रफितींत बहुधा ठरवून केलेला अभिनय असतो. संमती, आपुलकी आणि गर्भनिरोधनाची काळजी त्यांत क्वचितच दिसते, हे शांतपणे समजावावे. एकदाच लांबलचक उपदेश करण्यापेक्षा थोडे थोडे, वरचेवर बोलावे.

१५ ते १८ वर्षे : कायद्याची माहिती द्यावी. १८ वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक चित्रण करणे किंवा पुढे पाठवणे हा ‘पॉक्सो’ (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण कायदा, २०१२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार गुन्हा आहे. असे साहित्य पाहणे व जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले.

मूल अशा चित्रफिती पाहताना आढळल्यास : मारहाण आणि नातेवाइकांत वाच्यता टाळावी. काय दिसले, कोणी पाठवले, पाहून कसे वाटले, हे आधी ऐकून घ्यावे.

मुलाचे खासगी फोटो पसरवण्याची धमकी आल्यास : पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत. नाशिक जिल्ह्यातील पालकांनी नाशिक शहर किंवा नाशिक ग्रामीण पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार करावी. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते.