वासराचा वाटा

आज आश्विन वद्य द्वादशी. शास्त्रग्रंथांत हिला गोवत्सद्वादशी म्हणतात आणि आपल्या घराघरांत वसुबारस. दीपावलीच्या दिव्यांतला पहिला दिवा आज लागतो आणि तो गोठ्याच्या दारात लागतो. लक्ष्मी-कुबेरांची पाळी त्यानंतर. सायंकाळी सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालतील, हळदकुंकू वाहतील, तिला ओवाळतील. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी हा आजचा नैवेद्य. व्रत करणाऱ्या घरी आज गाईचे दूध, दही, तूप, ताक यांतले काहीही ओठाला लागत नाही.

हे वर्ज्य का, असे लेकीसुनांनी विचारले तर 'पूर्वापार आहे' एवढेच उत्तर बहुधा मिळते. वास्तविक उत्तर व्रताच्या नावातच आहे. ही केवळ गाईची द्वादशी नव्हे. ती गाईची आणि वत्साची आहे. आज कासेतले दूध ज्याचे आहे त्यालाच जावे, हा त्या वर्ज्याचा भाव. वत्स म्हणजे वासरू, आणि त्याच शब्दापासून 'वत्सल' हा शब्द पाणिनींनी साधून दाखविला आहे. 'वात्सल्य' त्याचेच पुढचे रूप. आईच्या मायेला नाव देण्याची वेळ आली तेव्हा आपली भाषा गोठ्यात गेली आणि वासराला चाटणाऱ्या गाईपाशी थांबली. आपण ज्याला 'गोष्ट' म्हणतो तो शब्दही 'गोष्ठी'चा, म्हणजे मुळात गाई बसतात त्या 'गोष्ठा'चा, आपल्या गोठ्याचा. आम्हा कीर्तनकारांचे घराणे तिथूनच निघाले म्हणावयाचे!

वसुबारसेची कहाणी घरोघरी ठाऊक आहे. एका म्हातारीच्या घरी गव्हाळी-मुगाळी वासरे होती. शेतावर जाताना तिने सुनेला सांगितले, गव्हाळे मुगाळे शिजवून ठेव. सासूच्या मनात होते गहू आणि मूग. सुनेने ऐकली वासरांची नावे. संध्याकाळी ताट पाहून म्हातारीच्या काळजाचे पाणी झाले. गाई रानातून परत येतील, हंबरतील, त्यांना काय दाखवू, म्हणून ती देवापुढे बसून राहिली. आणि गाई आल्या तेव्हा वासरे उड्या मारीत त्यांना जाऊन भिडली. या कहाणीत मला नेहमी विशेष वाटते ते हे की म्हातारीला भय देवाच्या कोपाचे नाही, परत येणाऱ्या गाईच्या डोळ्यांचे आहे.

पूजेच्या त्या दहा मिनिटांच्या मागेपुढे गोठ्याचा जो अहोरात्र संसार चालतो, तो शहरातल्या भाविकांच्या दृष्टीस क्वचितच पडतो. पंढरपूरजवळ भीमेच्या काठी एका वस्तीवर असा एक लहान गोठा आहे. तीन संकरित गाई, एक खिल्लार गाय, लांब शिंगांची एक पंढरपुरी म्हैस, दोन कालवडी आणि एक गोऱ्हा. घरात नवराबायको, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. कारभार बाईंच्या हातात आहे, आणि बहुतेक लहान गोठ्यांत तो तसाच असतो. 'दुहिता' या शब्दाच्या ज्या व्युत्पत्ती यास्काचार्यांनी दिल्या आहेत, त्यांतली एक 'दुह्' म्हणजे दोहन करणे या धातूवरून आहे. त्या वस्तीवर गेले म्हणजे ही व्युत्पत्ती पटते.

पहाटे साडेचारला दिवस उगवतो. प्रथम शेण ओढून उकिरड्यावर टाकायचे. एका मोठ्या गाईचे दिवसाला पंधरा-वीस किलो शेण होते, तेव्हा हे काम काही पुण्यापुरते नव्हे, कंबर मोडणारे आहे. मग जमीन धुवायची, गव्हाणी झाडायच्या, कास कोमट पाण्याने धुवून स्वच्छ फडक्याने पुसायची. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढून बाई उजेडाकडे नेऊन पाहतात. दुधात गुठळी किंवा पाणीदारपणा दिसला तर स्तनदाहाची, ज्याला गावाकडे 'दगडी' म्हणतात त्याची, सुरुवात समजायची आणि त्या सडाचे दूध बाजूला ठेवायचे. मग धार. ती अंगठा मुडपून नव्हे, पूर्ण मुठीने. अंगठ्याने सडाला आतून इजा होते. गाय पान्हवली की सहा-सात मिनिटांत दोहन संपले पाहिजे, कारण पान्हा त्याहून फार टिकत नाही. पान्ह्याला जशी वासराची ढुशी लागते तशी ओळखीच्या माणसाची चाहूलही लागते. परका माणूस ओरडत गोठ्यात शिरला की गाय दूध चोरते. यास्तव बाईंच्या गोठ्यात धारेच्या वेळी कोणी मोठ्याने बोलत नाही. धार संपली की लगेच गव्हाणीत वैरण टाकतात, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते. सडाची तोंडे मिटण्यापूर्वी ती खाली बसली तर रोग तिथूनच आत शिरतो.

सातच्या आत कॅन डेअरीवर पोचावा लागतो. तिथे नमुना घेतात, फॅट आणि एसएनएफ पाहतात. गाईच्या दुधाचा भाव साडेतीन आणि साडेआठ या दोन आकड्यांवर बेतलेला; आकडा घसरला की दर घसरला. दहा दिवसांनी हिशेब होतो, त्याला गावात 'दुधाचा पगार' म्हणतात. कुट्टी, पाणी, पेंड यांतच दुपार होते. उसाचे वाढे, मका, कडबा, मुरघास असे मिळून एका दुभत्या गाईला दिवसाला वीस-पंचवीस किलो ओला आणि पाच-सहा किलो सुका चारा, वर दुधाच्या मानाने पेंड. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा सगळे पहिल्यापासून. दोन धारांमध्ये साधारण बारा तासांचे अंतर राखायचे, आणि यात रविवार नाही, सुतक नाही, एकादशी नाही. आषाढीला लाखोंची पावले पंढरीत येतात. पण दर्शनाच्या रांगेतला वेळ दोन धारांच्या मध्ये बसत नाही. त्यामुळे पंढरीच्या शिवेवर राहणाऱ्या या माउली सकाळची धार आटोपून कळसाचे दर्शन घेतात आणि संध्याकाळच्या धारेला परत हजर असतात.

कालिदासाच्या रघुवंशातला दुसरा सर्ग संस्कृत पाठशाळेत पूर्वी मुखोद्गत असे. राजा दिलीप संततीसाठी वसिष्ठांच्या नंदिनीची सेवा करतो, ती याच सर्गात. ती उभी राहिली की तो उभा राहतो, ती बसली की बसतो. गवताचे रुचकर घास देतो, अंग खाजवतो, गोमाश्या वारतो. राणी सुदक्षिणा सकाळी पूजा करून तिला निरोप देते आणि सायंकाळी सामोरी जाते. तीन सप्तके, म्हणजे एकवीस दिवस हा क्रम चालतो. सिंहाची परीक्षा त्यापुढची. कीर्तनात आम्ही तीच रंगवून सांगतो, कारण श्रोत्यांना सिंह आवडतो. पण माझ्या मते या सर्गाचे मर्म दोन शांत जागी आहे. आरंभीच्याच श्लोकात कवी सांगतो की राजाने गाय वनाला सोडली ती तिचे वासरू दूध पिऊन बांधले गेल्यानंतर. आणि शेवटी प्रसन्न झालेली नंदिनी 'माझे दूध पी' म्हणते, तेव्हा तो सार्वभौम राजा लगेच द्रोण पुढे करीत नाही. वत्साचे पिऊन झाल्यावर, होमाला लागेल ते घेतल्यावर जे उरेल, तेवढेच गुरूंच्या आज्ञेने मी घेईन, असे तो म्हणतो. राखलेल्या पृथ्वीचा सहावा अंश राजाने घ्यावा तसे.

आता आपला हिशेब मांडून पाहू. संकरित वासरू जन्मतः पंचवीस-तीस किलोचे. वजनाच्या एक दशांश, म्हणजे अडीच-तीन लिटर दूध त्याला दिवसाला हवे. दोन महिने दिले आणि पुढे पुढे कमी करीत आणले, तरी सगळे मिळून सव्वाशे-दीडशे लिटर होतात. गाय दहा महिन्यांच्या वेतात सरासरी दहा लिटर धरली तरी तीन हजार लिटर देते. म्हणजे वासराचा वाटा विसावा. दिलीपाने मालक असून स्वतःकडे सहावा मागितला; आपल्याकडे मालकाच्या मुलाला विसावा देतानाही हात आखडतो.

चिकाचेच पाहा. खरवस आपल्याला किती प्रिय! गूळ, वेलदोडा, जायफळ घालून वाफवलेला खरवस शेजारी वाटण्याची रीत सुंदर आहे, आणि चीक पुष्कळदा वासराच्या गरजेहून अधिक निघतो हेही खरे. पण क्रम महत्त्वाचा. माणसाच्या मुलाला आईची रोगप्रतिकारशक्ती गर्भातच काही प्रमाणात मिळते. वासराला ती गर्भात मिळत नाही, चिकातूनच मिळते. तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत. एका दिवसानंतर त्याचे आतडे ती शोषून घेऊ शकत नाही. जन्मल्यावर तासाभराच्या आत ज्या वासराला पोटभर चीक मिळाला नाही, ते पुढे हगवणीने किंवा न्यूमोनियाने दगावले तर दैवाला बोल लावू नये. वस्तीवरच्या सासूबाई जार पडण्याचीही वाट न पाहता वासराला कासेला लावतात. त्यांना हे कुणा डॉक्टराने शिकविलेले नाही.

खरा पेच पडतो तो गोऱ्ह्यापाशी. पूर्वी खिल्लार गाईला खोंड झाला की साखर वाटीत. त्याच्या वशिंडापुढे जू बसे, नांगर चाले, मोट चाले. गाईचे दूध दोन-तीन लिटरच, पण बैल घरचा. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला संस्था उभारली आणि संकरित गाय खेड्यापाड्यांत पोचली. १९७० पासून दुग्धमहापूर योजना आली. आणि १९९८ च्या सुमारास आपला देश दुधात जगात पहिला झाला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दर दहा दिवसांनी रोकड येऊ लागली, मुलींची शिक्षणे झाली. या गोष्टीला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. परंतु संकरित गोऱ्ह्याला नीट वशिंड नसते, ऊन सोसत नाही, आणि नांगराला आता ट्रॅक्टर आहे. मग त्याला दूध का पाजायचे, असा प्रश्न वहीतल्या आकड्यांतून उभा राहतो. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा आहे. २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा सुरीपासून वाचवतो. उपासमारीपासून वाचवणे त्याच्या हाती नाही. कित्येक गोठ्यांत गोऱ्हा आठ-पंधरा दिवसांत आपोआप 'जातो', आणि कसा गेला हे कोणी विचारीत नाही. कहाणीतल्या सुनेला निदान ऐकण्यात चूक झाली होती.

अलीकडे लिंगनिर्धारित रेतमात्रा मिळतात. त्यांनी दहांतल्या नऊ वेळा कालवडच होते. उपाय चांगला आहे, लहान शेतकऱ्याला परवडेल अशा दरात तो मिळावा. तरीही दहावा गोऱ्हा उरतोच, आणि आधी जन्मलेले आहेतच. वस्तीवरच्या बाईंनी त्यांच्या गोऱ्ह्याला दोन महिने मोजून दूध पाजले. 'पगारात बसत नाही महाराज,' त्या म्हणाल्या, 'पण गाय रोज माझ्याकडं बघती.' कहाणी त्यांना पाठ आहे की नाही, हे मी विचारले नाही.

२०२२ ची वसुबारस पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या पावसाळ्यात लम्पी आला. जनावरांच्या अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. बाजार बंद झाले. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड हे त्याचे वाहक. दिलीपाच्या सेवेतले गोमाश्या वारणे तेव्हा काव्य राहिले नाही. बाईंनी रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला, सरकारी लस सर्वांना टोचून घेतली, आणि त्या वर्षी पूजेला बाहेरच्या कोणाला आत घेतले नाही. उंबऱ्याबाहेरूनच हात जोडा म्हणाल्या. ते त्यांनी योग्यच केले.

आज ज्यांच्या घरी गाय नाही ते जवळच्या गोठ्यावर जातील. जावेच. मात्र साडेपाच ते साडेसहा ही धारेची वेळ टाळावी आणि फटाका लांब ठेवावा. गाईच्या शिंगांना व कपाळाला हळदकुंकू पुरते. डोळ्यांत गुलाल जाऊ देऊ नये. पुरणपोळ्या, भाताचे मोदे, शिळे लाडू यांचा ढीग तिच्यापुढे ओतू नये. रवंथ करणाऱ्या पोटाला एकदम एवढे पिष्ट आणि गोड सोसत नाही, आम्लता होते, पोट फुगते, आणि मोठ्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे अशाच गाई येतात. नैवेद्य घासभर द्यावा, बाकी हिरव्या चाऱ्याची पेंढी न्यावी. प्लॅस्टिकच्या पिशवीतून नेलेले काहीही पिशवीसकट तिच्यापुढे ठेवू नये. आणि ओवाळून झाल्यावर घरच्या बाईंना विचारून वासराचे दावे सोडावे. ते कासेला जाईल. त्याचे पिऊन होईपर्यंत निरांजन थोडे बाजूला धरून उभे राहावे, कारण ते ढुशा देते आणि वात विझते.