क्लोव्हर: माया आणि अक्षर

प्राण्यांच्या मुखातून राजनीती वदविण्याची रीत आपणांस पंचतंत्रापासून परिचित आहे. तेथे बोध राजपुत्रांसाठी होता. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲनिमल फार्म’मध्ये मात्र कथा आहे ती राज्य सोसणाऱ्यांची. रशियन राज्यक्रांतीची शोकांतिका सांगणाऱ्या या रूपकातील नेपोलियन हे सत्तांध डुक्कर आणि बॉक्सर हा राबणारा घोडा सर्वांच्या ध्यानात राहतात. क्लोव्हर ही प्रौढ घोडी सहसा विस्मरणात जाते.

पहिल्याच सभेत आईविना भटकणाऱ्या बदकाच्या पिलांभोवती ती आपल्या पुढच्या पायाचे कुंपण करते. बॉक्सरचा खूर चिरफळतो, तेव्हा औषधी पाला चावून त्याचे पोटीस बांधते. मायेत ती कोठेही उणी नाही. उणीव निराळीच आहे. मुळाक्षरे तिला सारी येतात. ती जोडून शब्द वाचता येत नाही.

कथेचे मर्म येथेच आहे. डुकरे माणसांच्या पलंगावर निजू लागतात, तेव्हा भिंतीवरील मनाई क्लोव्हरला आठवते. म्युरिएल शेळीकडून ती नियम वाचवून घेते, तर मनाई केवळ चादर घातलेल्या पलंगाची निघते! तिच्या स्मरणात चादर नव्हती. तरीही भिंतीपुढे ती आपल्या स्मरणालाच खोटे ठरविते.

पुढे साऱ्यांच्या डोळ्यांदेखत प्राण्यांची हत्या होते. भेदरलेले जीव टेकाडावर तिला बिलगून बसतात. आपण योजिले होते ते हे नव्हे, एवढे तिला उमगते. पण ते बोलावयास शब्द नाहीत. म्हणून ती जुने क्रांतिगीत गाते. लगोलग त्या गीतावरही बंदी येते आणि क्लोव्हर आज्ञाधारकच राहते.

आजारी बॉक्सरला नेणारी गाडी खाटकाची आहे, हे बेंजामिन गाढव पाटी वाचून ओरडून सांगते. क्लोव्हर जीव तोडून गाडीमागे धावते. परंतु वेळ टळून गेलेली असते. ज्याला उत्तम वाचता येत होते, तो एरवी गप्प राहिला. जिला सर्वांचा कळवळा होता, तिला वाचता आले नाही.

निष्ठा हा सद्गुण खराच; पण भिंतीवरील मजकूर बदलला आहे, असे ठामपणे म्हणावयास निष्ठा पुरत नाही. मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली की आपण कृतार्थ होतो. वाचलेले आपल्या आठवणीशी ताडून पाहावे आणि विसंगती दिसताच विचारावे, हे शिकविल्यावाचून ते शिक्षण अपुरेच होय.