गैरहजर मुलांची माहिती : कोणाच्या हाती, कशासाठी? (लेखांक सहावा)

इंग्लंडमधील शालेय हजेरीपट अर्ध्या दिवसाच्या हिशेबाने भरला जातो. सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे धरली की 190 दिवसांच्या शालेय वर्षाची 380 सत्रे होतात, आणि त्यांपैकी दहा टक्के किंवा त्याहून अधिक सत्रे ज्या विद्यार्थ्याची बुडतात, त्याची गणना ‘सातत्याने गैरहजर’ या वर्गात होते. 2018-19 मध्ये अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण 10.9 टक्के होते. महासाथीनंतर, 2021-22 मध्ये, ते 22.5 टक्क्यांवर पोहोचले.

हे प्रमाण काढण्यास हजेरीपट पुरतो. त्यामागची कारणे शोधण्यास मात्र तो अपुरा पडतो. आजारपणासाठी ‘आय’, वैद्यकीय तपासणीसाठी ‘एम’, विनापरवानगी गैरहजेरीसाठी ‘ओ’ अशी संकेताक्षरे त्यात भरली जातात. परंतु ‘आय’च्या मागे दमा आहे की शाळेत जाण्याची धास्ती, हे त्या एका अक्षरावरून कळत नाही. म्हणूनच संशोधक माहिती-जोडणीकडे, म्हणजे एकाच मुलाच्या निरनिराळ्या सरकारी खात्यांतील नोंदी एकत्र आणण्याच्या पद्धतीकडे वळतात. शिक्षण खात्याच्या राष्ट्रीय विद्यार्थी माहितीसंचात 2002 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ‘ईचाइल्ड’ प्रकल्पात हा संच रुग्णालयांच्या नोंदींशी जोडण्यात आला, आणि त्यामुळे दीर्घकालीन आजार व बुडणारी शाळा यांचा संबंध देशव्यापी पातळीवर तपासता येऊ लागला. मुलांच्या दृष्टीने या कामाचे मोल मोठे आहे.

अशा जोडणीत नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांच्या आधारे नोंदी जुळवण्याचे काम वेगळी यंत्रणा करते. संशोधकाच्या हाती येतात त्या नावाऐवजी निरर्थक क्रमांक घातलेल्या नोंदी, आणि त्याही सुरक्षित संगणकव्यवस्थेच्या आतच पाहायच्या असतात. तेथून बाहेर जाणारा प्रत्येक तक्ता आधी तपासला जातो आणि ज्या रकान्यात मोजकीच मुले उरतात, तो झाकला जातो. ही काळजी अनाठायी नाही. पालकांच्या व्यवसायामुळे गावोगाव फिरणाऱ्या मुलांसाठी हजेरीपटात ‘टी’ हे अक्षर आहे. एखाद्या लहान गावातील शाळेत असे एकच कुटुंब असेल, तर नाव पुसलेले असूनही शाळा, इयत्ता आणि ते अक्षर एवढ्यावरून मूल कोणते, हे गावातला कोणीही सांगू शकेल.

नेमकी येथेच या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर विसंगती दिसते. संशोधकापासून नाव लपवण्यासाठी एवढा बंदोबस्त असताना, 2015 मध्ये झालेल्या करारानुसार त्याच शिक्षण खात्याने स्थलांतर कायद्याच्या अंमलबजावणीसाठी गृह खात्याला दरमहा 1,500 पर्यंत मुलांची माहिती, नाव-पत्त्यांसह, देण्याचे मान्य केले होते. 2016 च्या शरद ऋतूतील शालेय गणनेत मुलांचे राष्ट्रीयत्व आणि जन्मदेश विचारण्यास सुरुवात झाली, तेव्हा हा करार उजेडात येऊन तीव्र विरोध झाला. राष्ट्रीयत्वाची माहिती गृह खात्याला दिली जाणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले, अनेक पालकांनी उत्तर देण्यास नकार दिला आणि 2018 मध्ये तो प्रश्नच वगळण्यात आला. प्रश्न गेला म्हणून पत्ते देण्याची वाट मात्र आपोआप बंद झाली नाही. शाळेने घेतलेला पत्ता घरावर धाड आणू शकतो, हे एकदा कळले की आई-वडील पत्ता देण्यास कचरतात किंवा मुलाला शाळेतच पाठवत नाहीत; म्हणजे ज्या मुलांच्या गैरहजेरीचा अभ्यास सर्वाधिक निकडीचा, तीच नोंदींतून नाहीशी होतात. ही हानी केवळ खासगीपणाची नाही, ज्ञानाचीही आहे.

अन्यत्रही ढिलाई होतीच. माहिती आयुक्त कार्यालयाने 2020 मध्ये शिक्षण खात्याच्या कारभाराची तपासणी करून 139 शिफारशी केल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच कार्यालयाने खात्याला जाहीर ताकीद दिली, कारण 2.8 कोटींपर्यंत व्यक्तींच्या शैक्षणिक नोंदी असलेल्या संचाचा वापर जुगार कंपन्यांच्या ग्राहकांचे वय पडताळण्यासाठी झाला होता.

ऑगस्ट 2024 पासून इंग्लंडमधील शाळांना हजेरीची माहिती रोजच्या रोज शिक्षण खात्याकडे पाठवणे बंधनकारक झाले आहे, आणि डिसेंबर 2024 मध्ये संसदेत मांडलेल्या मुलांविषयीच्या विधेयकात सर्व सेवांसाठी एकच ओळखक्रमांक ठरवण्याची तरतूद आहे. त्यामुळे जोडणी अधिक अचूक होईल, तशीच ती अन्य हेतूंसाठीही सोपी होईल. माहिती कोणकोणत्या संस्थांना दिली, याची यादी शिक्षण खाते प्रसिद्ध करते, हे चांगलेच आहे. परंतु पोलीस आणि गृह खाते यांच्या मागण्या तेथे केवळ संख्येने नोंदवल्या जातात. आपल्या मुलाची नोंद त्यांत होती का, हे पालकाला त्या यादीवरून समजत नाही.