हिंवाळी पाहुण्यांचा हिशेब

आपल्या मासिकांतून खत, बेणें, पाणी आणि बाजारभाव यांविषयीं नेहमीं लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. ज्याचा पोटापाण्याचा धंदा शेतीचा, त्यानें प्रथम तेंच वाचावें. तथापि भाद्रपद उलटला कीं आपल्या शिवारांत, परसांत आणि तळ्यांच्या कांठीं दूरदूरच्या मुलखांतून जे पाहुणे येऊन उतरतात, त्यांच्याविषयीं आपणांस फार थोडी माहिती असते. त्यांपैकीं एका जातीस मात्र आपण सर्वजण नांवानें ओळखतों, आणि तीही गोफणीचा दगड मारण्यापुरती. ती जात भोरड्यांची. तिच्याविषयीं पुढें सविस्तर लिहिणार आहें. पण आरंभ घरच्या परसापासून करतों.

आमचें राहतें घर कोल्हापुरांत मंगळवार पेठेंत आहे. शेती शिरोळ तालुक्यांत. पेठ दाटीची. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानाकडून येणारे रस्ते दिवसभर वाहते असतात, आणि पक्षी पाहावयास ही जागा नव्हे असें कोणासही वाटेल. परंतु घरामागें दोन-अडीच गुंठ्यांचें परसूं अद्याप राहिलें आहे. त्यांत एक उंबर, एक शेवगा, दोन पेरू, मोरीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ व केळ, आणि एक जुना दगडी हौद. हौद गळका आहे. त्यामुळें त्याच्या पायथ्याशीं हातभर जागा सदा ओली असते. ती गळती बुजवावी असें घरांतील मंडळी दर वर्षीं म्हणतात, आणि मी दर वर्षीं तें काम लांबणीवर टाकतों. कारण त्या हातभर चिखलासाठींच आमच्याकडे एक पाहुणा येतो.

हा पाहुणा म्हणजे करडा धोबी. कित्येक त्यास परीट म्हणतात. अंगानें चिमणीहून सडपातळ, पाठ राखी, पोटाखालीं पिवळी झांक, आणि शेपूट अंगाच्या मानानें फारच लांब. तें शेपूट सारखें खालींवर होत असतें. धुणें आपटणाऱ्याचा हात जसा थांबत नाहीं, तसें. नांव ज्यानें ठेविलें त्याची नजर चांगली होती. याची वीण हिमालयांत व त्यापलीकडे मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखांत होते. इकडे तो सप्टेंबरांत उतरतो आणि एप्रिलांत परत जातो. एवढा प्रवास करून हा मूठभर जीव आमच्या गळक्या हौदाशींच कां यावा, हें प्रथम मला योगायोगाचें वाटे. पुढें वाचनांत आलें कीं डॉ. सालिम अली यांनीं मुंबईस आपल्या बागेंतील हिरवळीवर येणाऱ्या एका करड्या धोब्याच्या पायांत खुणेचें कडें घातलें होतें, आणि तोच पक्षी पुढें कित्येक वर्षें त्याच हिरवळीवर परत आला. आमच्या धोब्याच्या पायांत कडें नाहीं, म्हणून तो तोच आहे असें मी शपथेवर सांगणार नाहीं. परंतु उतरल्याबरोबर जो केळीच्या बुंध्यामागचा कोपरा बरोबर शोधतो, त्यास ती जागा नवी असेल हें संभवत नाहीं.

परसांत पक्षी पाहण्यास फार साहित्य लागत नाहीं. आठ पट मोठें दाखविणारी दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी अडत नाहीं. एक वही, एक पेन्सिल आणि अर्धा तास न हलतां बसण्याची तयारी मात्र पाहिजे. वहींत तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करीत होता एवढें लिहावें. नांव ठाऊक नसल्यास आकार आणि चाल लिहावी. नांव मागाहून सांपडतें. माझ्या वहींत एक पक्षी दोन हिंवाळे ‘पेरूच्या फांदीवर शेपूट उचलणारा’ एवढ्याच वर्णनानें नोंदला गेला, आणि तिसऱ्या वर्षीं तो तांबड्या गळ्याचा माशीमार असल्याचें समजलें. हाही थंडीपुरताच येणारा. कर्दळींत दिवसभर ‘चक् चक्’ करणारा आणि क्वचितच नजरेस पडणारा मातकट वटवट्या असाच परदेशचा. उंबर पिकला म्हणजे पिवळाजर्द हळद्या येतो. तांबट, साळुंक्या, बुलबुल हीं घरचींच मंडळी तेथें आधींपासून भांडत असतात. शेवग्याच्या फुलावर शिंजीर असतोच.

परसांत येत नाहींत ते पक्षी पाहावयास तळ्यावर जावें लागतें, आणि या बाबतींत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत, निदान होते. पश्चिमेस रंकाळा, पूर्वेस शाहू मिलच्या शेजारीं कोटितीर्थ, दक्षिणेस कात्यायनीच्या डोंगराकडील पाणी अडविणारा कळंबा, आणि विद्यापीठापलीकडे राजाराम तलाव. सायकल असली तर एका सकाळीं दोन तळीं सहज होतात. परंतु एके काळीं तळीं पाहण्यास गांवाबाहेर पडावेंही लागत नसे. कपिलतीर्थ होतें, तेथें आज भाजीची मंडई आहे. वरुणतीर्थ होतें, तेथें गांधी मैदान आहे. रावणेश्वराचें तळें होतें, तेथें शाहू स्टेडियम उभें राहिलें. मंडई नको कीं मैदान नको, असें माझें म्हणणें नाहीं. मंडईंत मीही जातों. मात्र पाणी बुजवितांना आपण काय बुजवितों, याची नोंद कोणी ठेविली नाहीं, एवढें खरें.

तळ्याचें पाणी पाहून पक्षी येतात असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. रंकाळ्यावर गांवाकडील बाजूस बांधीव कांठ आहे. फिरावयास तो फार सोयीचा. पण तेथें एखादा पाणकावळा किंवा बगळा सोडल्यास कांहीं सांपडणार नाहीं. पाणी एकदम खोल, कांठ एकदम उभा. टिचभर पायांच्या पक्ष्यानें उभें कोठें राहावें? पलीकडे जेथें पाणकणीस उगवलें आहे आणि पाणी चिखलांत विरत जातें, तेथें चित्र निराळें असतें. चिखलाच्या कडेनें तुतवार एकटाच कंबर हालवीत धांवतो. तांबड्या लांब पायांचे शेकाटे घोट्याइतक्या पाण्यांत किडे टिपतात. वारकरी, म्हणजे काळ्या अंगाचा व पांढऱ्या कपाळाचा पक्षी, मध्यभागीं दिंडीनें पोहतो. थापट्या नांवाचें बदक आपली फावड्यासारखी चोंच पाण्यावर लोळवीत जातें. वरून दलदलीचा भोवत्या घिरट्या घालूं लागला कीं सगळा मेळा एकदम उठतो. खरा हिंवाळी बाजार या चार बोटें पाण्याचा आहे. सांडपाणी आलें, केंदाळ माजलें, किंवा शोभेसाठीं सगळाच कांठ दगडानें बांधला, म्हणजे पाणी तेवढेंच राहून बाजार उठतो. दर जानेवारींत आशिया खंडांतील पाणपक्ष्यांची गणना होत असते. ती १९८७ पासून चालू आहे. तींत कोणासही भाग घेतां येतो, आणि ज्यांच्या शेताजवळ पाझर तलाव आहे त्यांनीं आपल्या तलावाची मोजणी अवश्य कळवावी.

आतां भोरड्या. डोकें, पंख आणि शेपूट काळें, बाकीचें अंग गुलाबी. पहिल्या वर्षाचीं पिलें मात्र मातकट. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मुलखांत यांची वीण होते. ऑगस्टअखेर त्या आपल्याकडे येऊं लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. म्हणजे वर्षाचे आठ महिने त्या आपल्याकडे आणि चारच महिने माहेरीं. पाहुण्या म्हणाव्या कीं नाहीं, हाच प्रश्न आहे.

शाळू दाण्यांत भरूं लागला म्हणजे भोरड्यांचा थवा एका सकाळींत किती नुकसान करतो, हें ज्यानें माळ्यावर बसून पाहिलें आहे त्यास मी निराळें सांगावयास नको. हें नुकसान खरें आहे. पक्षिप्रेमाच्या भरांत तें नाकारणें हा शेतकऱ्याचा उपमर्द होय. परंतु तें पंधरा-वीस दिवसांचें आहे. त्याआधीं याच भोरड्या पावसाअखेरच्या गवतांत नाकतोडे टिपतात, आणि त्यानंतर फाल्गुनांत पळस, पांगारा, सांवर यांच्या फुलांवर तुटून पडून एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. कित्येक ठिकाणीं त्यांस पळसमैना म्हणतात, तें यामुळेंच. माहेरीं तर यांचा सारा प्रपंच टोळांवर चालतो. चीनच्या शिंजियांग प्रांतांत टोळांचा उपद्रव आवरण्यासाठीं १९८० नंतरच्या काळांत सरकारनें माळरानावर दगडांचे ढीग व घरटीं मुद्दाम रचून याच पक्ष्यास वस्तीला बोलावलें. आपण ज्यास हांकलतों त्यास तिकडे घर बांधून देतात, हें वाचून मला गंमत वाटली.

राखणीविषयीं दोन शब्द. थव्याचा जोर उजाडल्यावर आणि पुन्हा दिवस कलतांना असतो. त्या वेळीं माणूस माळ्यावर हवाच. गोफण, पत्र्याचा डबा, चकचकीत फीत हीं सर्व साधनें चार दिवसांनीं पक्ष्यांच्या अंगवळणीं पडतात, म्हणून आलटून पालटून वापरावीं. सर्वांत अधिक मार खातो तो शेजाऱ्यांच्या आधीं किंवा फार मागाहून पेरलेला एकटा तुकडा. गांवानें एका आठवड्यांत पेरा केला तर तोच थवा सर्वांत वांटला जातो आणि कोणाचेंच पीक बसत नाहीं. विषारी दाणा मात्र कोणी टाकूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची गोष्ट आहेच. शिवाय त्या दाण्यानें मोर, होले आणि घरच्या कोंबड्याही मरतात. फोरेटसारखें जहाल औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशांत बंद झालें, तें उगीच नव्हे.

आमच्या शिरोळच्या शेतांत आतां शाळू थोडा आणि ऊस फार. शेताच्या खालच्या अंगास आठ गुंठ्यांचें एक जुनें पाणथळ आहे. कांठावर दोन बाभळी होत्या. थंडींत दिवस मावळतांना तेथें उभें राहिलें कीं पिवळे व पांढरे धोबी पांच-दहांच्या टोळ्यांनीं येतात, पाणथळाच्या कांठीं थोडें चरतात आणि अंधार पडण्यापूर्वीं एकेक करून उभ्या उसांत शिरतात. एका संध्याकाळीं मीं ८३ पर्यंत मोजले, पुढें दिसेना. ऊसतोडीची टोळी आली कीं ते दुसरा फड शोधतात. नांगरामागें किंवा पाटाच्या पाण्यापुढें धांवणारे हेच, आणि हुमणीच्या अळ्यांसाठीं ताज्या सरीवर येणारे गायबगळे, साळुंक्या यांची वस्तीही त्याच दोन बाभळींवर असे. हुमणी पक्षी संपवितात असें मी म्हणत नाहीं. नांगरानें वर आलेली तेवढी संपवितात.

दोन वर्षांपूर्वीं आमचे थोरले चुलतबंधू तात्या यांनीं तें पाणथळ बुजविण्याचें ठरविलें. त्यांचा हिशेब सरळ होता. एकरीं ५० टन धरला तर आठ गुंठ्यांत १० टन ऊस; टनास ३,००० रुपये धरले तरी ३०,००० रुपये. मी वही घेऊन गेलों. त्यांनीं शांतपणें ऐकलें आणि म्हणाले, “आरं, तुझी पाखरं मोजून झाली असतील तर त्यांचा दर सांग.” दर मला सांगतां आला नाहीं. “तात्या, एक हिंवाळा थांबा,” एवढेंच म्हटलें. ते थांबले, कारण मुरूम मिळावयास उशीर झाला.

मग पावसाळा आला. त्या वर्षीं वरच्या बाजूच्या शेजाऱ्यांच्या उसांत पाणी साचून राहिलें, आणि आमच्या सऱ्यांतलें सगळें पाणी निथळून त्या आठ गुंठ्यांत जाऊन बसलें. शिरोळकडे पाणी साचून क्षार फुटलेल्या जमिनी आम्हीं लहानपणापासून पाहिल्या आहेत. तात्यांस अधिक सांगावें लागलें नाहीं. बुजविण्याचा बेत त्यांनीं आपण होऊन सोडला. माझ्या वहीनें तें पाणथळ राखलें असें मला म्हणतां येत नाहीं, निचऱ्यानें राखलें. बाभळी मात्र उसावर सावली धरतात म्हणून मार्गशीर्षांत तोडल्या, आणि गायबगळे तेव्हांपासून ओढ्यापलीकडे वस्तीस जातात. नांगर चालू असतां ते येतात, पण पूर्वींपेक्षां उशिरा.

धोबी आले आहेत. मंगळवार पेठेंतला यंदा २३ सप्टेंबरला उतरला, गतवर्षींपेक्षां चार दिवस आधीं. हौद अजून गळतो आहे.